रथ, निगा आणि सावधपण

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे निघाले की वाटेत शेंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. तिथल्या कारखान्यात 2001 साली स्कोडाच्या ऑक्टेव्हिया गाड्यांची जुळणी सुरू झाली. पुढे काही वर्षांतच या गाडीचे टर्बो लावलेले, 1.8 लिटर पेट्रोल इंजिनाचे, दीडशे अश्वशक्तीचे रूप भारतीय रस्त्यांवर आले आणि वेगाची हौस असलेल्या माणसांच्या मनात घर करून बसले. त्याच रस्त्याने पुढे गेले की जालना येते. इथल्या भट्ट्यांत भंगार वितळते, त्याच्या लाद्या होतात आणि लाद्यांच्या सळया होऊन घरांच्या स्लॅबमध्ये जातात. एका वेगवान गाडीचा जन्म आणि तिचे दहन या दोन्ही गोष्टी अशा एकाच रस्त्यावर आहेत. या दोन टोकांच्या मध्ये काही माणसे वीस वर्षांची गाडी चालती ठेवण्यासाठी धडपडत असतात. सुटे भाग शोधतात, गळत्या हुडकतात, इंजिनाचा बदललेला आवाज कान लावून ऐकतात. त्यांच्या या धडपडीला आपण सहजपणे ‘शौक’ म्हणतो आणि पुढे जातो. पण तिच्यात एक जुना आणि गंभीर प्रश्न दडलेला आहे. नाशवंत वस्तू इतक्या जिवापाड सांभाळणे हा मोह आहे की साधना? तो मोह असू शकतो, बहुतेक वेळा असतोही, आणि तरीही त्याची साधना होऊ शकते, असे माझे म्हणणे आहे. त्या दोहोंमधली रेषा पैशाने आखली जात नाही आणि प्रेम किती उत्कट आहे यानेही नाही. ती अवधानाने आखली जाते.

आधी हे पाहू, की सांभाळले जाते ते नेमके काय? वीस वर्षांत गाडीचे टायर चार-पाच वेळा बदलतात. क्लच, शॉकअप, रेडिएटर, टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप, इग्निशन कॉइल, टर्बो, रबराचा प्रत्येक पाइप आणि प्रत्येक बुश बदलतो. रंग पुन्हा मारला जातो, कधी इंजिनच दुसरे बसते. मग ‘तीच गाडी’ म्हणजे कोणती? ग्रीक परंपरेत थिसियसच्या जहाजाबद्दल हाच प्रश्न विचारला गेला. आपल्याकडे तो ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात रथाच्या निमित्ताने आला आहे. ग्रीक राजा मिलिंद रथात बसून आलेला असतो. भिक्खू नागसेन त्याला विचारतो, आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? जू, दांडी, सांगाडा, लगाम यांतले काही रथ आहे का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. या सगळ्यांहून वेगळे असे काही रथ आहे का? तेही नाही. शेवटी राजाच कबूल करतो की या सर्वांच्या आधाराने ‘रथ’ हे नाव चालते, एवढेच. हा संवाद जालना जिल्ह्याला परका नाही. आजचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी 1973 साली तिथे केलेल्या उत्खननात सातवाहनकाळातले समृद्ध नगर उजेडात आले, हस्तिदंती कोरीवकामाचा पुरावाही मिळाला. सांचीच्या बौद्ध स्तूपावर दान देणाऱ्यांच्या लेखांत भोगवर्धनच्या माणसांचा उल्लेख आहे. कारागिरी आणि अनित्यतेचा उपदेश या दोन्ही गोष्टी या मातीत एकाच काळी नांदत होत्या. हस्तिदंतावर छिन्नी चालवणाऱ्या नगराला, जे घडते ते मोडते हे ऐकून छिन्नी खाली ठेवावीशी वाटली नाही.

नागसेनाचे उत्तर गॅरेजात नेऊन पाहिले तर ते आणखी एक पाऊल पुढे जाते. ऑक्टेव्हियाचे सगळे भाग, एकही स्क्रू न हरवता, एका खोलीत रचून ठेवले तरी ती गाडी नव्हे. इतकेच कशाला, सगळे भाग जागच्या जागी बसवलेले असूनही टायमिंग बेल्ट दोन दाते सरकलेला असेल, तर झडपा आणि पिस्टन यांचा मेळ बिघडतो आणि गाडी गाडी राहत नाही. म्हणजे गाडी ही वस्तूंची बेरीज नसून वस्तूंमधल्या संबंधांचा मेळ आहे. हा मेळ एकदा साधला की कायमचा साधला असे होत नाही, तो रोज थोडाथोडा सुटत असतो. उष्णतेने रबर कडक होते, कंपनाने बोल्ट सैल होतात, हवेतले बाष्प शोषून ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू उतरतो. कायद्यालाही हा पेच सोडवावा लागला आहे. त्याने गाडीची ओळख सांगाड्यावर कोरलेल्या चासी क्रमांकात बांधली. इंजिन बदलले तर आरटीओकडे नोंद करावी लागते, पण गाडी तीच राहते. 2021 मध्ये आलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते, मात्र तिचे मूळ रूप राखलेले असले पाहिजे आणि सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. व्यवहाराला असा ठाम खुंटा लागतोच. पण क्रमांक शाबूत असलेली आणि दहा वर्षे शेडमध्ये कुजत पडलेली गाडी कायद्याने तीच असली, तरी अर्थाने ती संपलेली असते. गाडीचे असणे तिच्या मेळात आहे आणि तो मेळ कुणीतरी पुन्हापुन्हा जुळवण्यात आहे.

येथे मराठी भाषा आपल्या मदतीला येते. ‘निगा’ हा शब्द फारसी ‘निगाह’वरून आला, म्हणजे नजर. निगा राखणे म्हणजे मुळात नजर ठेवणे. आणि ‘सावधान’ म्हणजे अवधानासह असणे. हा दुसरा शब्द जालना जिल्ह्याच्या आध्यात्मिक इतिहासात फार मोठा आहे. घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी 1608 साली जन्मलेले नारायण, पुढचे समर्थ रामदास, बोहल्यावर ‘सावधान’ हा शब्द ऐकून निघून गेले अशी परंपरा सांगते. सगळ्या वऱ्हाडाने तो शब्द ऐकला होता, अर्थ मात्र एकाने घेतला, हे त्या कथेचे मर्म आहे. ती कथा संसार सोडण्याची म्हणून सांगितली जाते, पण समर्थांनी पुढे जे लिहिले त्यात सोडण्यापेक्षा जागे राहण्यावर भर अधिक आहे. ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखे कसे यावे, ओळी सरळ कशा राखाव्यात, लेखणी, शाई, कागद यांची व्यवस्था कशी ठेवावी, हे एक संत परमार्थाच्या ग्रंथात सांगतो. लेखणी नाशवंत आहे, कागदही नाशवंत आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? तरीही साधन नीट राखणे त्यांनी परमार्थाबाहेर ठेवले नाही. मोह आणि निगा यांतला फरक येथे दिसतो. मोह वस्तूकडे पाहत नाही, वस्तूत स्वतःला पाहतो. निगा वस्तू आहे तशी पाहते. मोहाला गाडीचा आवाज आवडतो, निगेला त्या आवाजातला बदल कळतो.

हे पाहणे किती अवघड आहे, ते दोष शोधताना कळते. न्यायशास्त्राने अनुमानाचे उदाहरण म्हणून डोंगरावरचा धूर निवडला: धूर आहे, म्हणून तिथे अग्नी आहे. जुन्या इंजिनाचा मिस्त्री हेच शास्त्र धुराड्याशी उभा राहून चालवतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, काळा म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जाते आहे, इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा म्हणजे कूलंट आत शिरले असावे. पण नैयायिक एवढ्यावर थांबत नाहीत आणि चांगला मिस्त्रीही थांबत नाही. निळा धूर केव्हा येतो? रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू करताना क्षणभर येत असेल, तर झडपांच्या सीलवर संशय जातो. चढावर जोर देताना येत असेल, तर पिस्टनच्या रिंगांवर किंवा टर्बोच्या सीलवर. अग्नी आहे तिथे धूर असतोच असे नाही, ओल्या लाकडाची जोड असली तरच तो उठतो, म्हणून त्या ‘उपाधी’चा विचार केल्याशिवाय अनुमान पक्के मानू नये, असे शास्त्र बजावते. गॅरेजात उपाधी न तपासणारा माणूस टर्बो बदलतो, मोठा खर्च करतो आणि धूर तसाच राहतो. दोष शोधणे ही म्हणून केवळ हातांची कला नाही, ती ज्ञानाची शिस्त आहे. आणि तिचा एक नैतिक गुण असा की यंत्रापुढे प्रतिष्ठा चालत नाही. वाद जिंकता येतो, माणसाला पटवता येते, पण चुकीच्या निदानाने गाडी दुरुस्त होत नाही.

आता तर स्कॅनर आला आहे आणि त्याने एक नवा मोह आणला आहे. गाडीचा संगणक सांगतो की मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. हा कोड परिणामाचा असतो, कारणाचा नव्हे. हवा मोजणारा सेन्सर चुकीचे सांगत असेल, व्हॅक्यूमचा एखादा पाइप तडकून न मोजलेली हवा आत ओढत असेल किंवा पेट्रोल पंप थकला असेल. पाइप फुटला असेल तर पातळपणा आयडलिंगला ठळक दिसतो आणि इंजिन फिरवले की कमी होतो, कारण तेव्हा एकूण हवेच्या मानाने चोरटी हवा थोडी असते. पंप थकला असेल तर उलट, आयडलिंगला सगळे ठीक आणि जोर लावला की टंचाई. एकच कोड, दोन विरुद्ध कारणे, आणि त्यांना वेगळे करणारी गोष्ट यंत्राच्या पडद्यावर आयती लिहिलेली नसते, ती निरीक्षणातून काढावी लागते. समर्थांनी मूर्खाच्या लक्षणांबरोबर पढतमूर्खाची लक्षणे स्वतंत्र समासात सांगितली, कारण माहिती असूनही न कळणे हा अज्ञानाहून वेगळा आणि घातक दोष आहे. कोड वाचून सेन्सर बदलणारा, त्याने भागले नाही म्हणून दुसरा बदलणारा आणि अखेर दिवा विझवून गाडी परत देणारा माणूस या दोषाचा बळी असतो. दिवा विझवणे म्हणजे दोष घालवणे नव्हे. गाडी विकण्याआधी कोड पुसणे, मीटर मागे फिरवणे, इंजिनाची झीज झाकण्यासाठी घट्ट ऑइल ओतणे ही सगळी असत्याची रूपे आहेत. ज्याला निगा साधना म्हणून हवी आहे, त्याची पहिली परीक्षा येथे होते.

पण सगळेच दोष आधी खूण देत नाहीत. टायमिंग बेल्ट हे त्याचे उत्तम उदाहरण. तो तुटण्याआधी बहुधा काहीच कुरकुर करत नाही, आणि तुटला की या जातीच्या इंजिनात पिस्टन झडपांवर आदळून त्या वाकतात. 1.8 टर्बोमध्ये ऑइल बदलायला उशीर केला किंवा हलके ऑइल वापरले, तर गाळ साचून ऑइल खेचणारी जाळी बुजते. दाब घटल्याची सूचना मिळेपर्यंत टर्बोच्या बेअरिंगचे नुकसान होऊन गेलेले असू शकते. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी चांगली दिसत असली तरी रबर वयाने मरते, हे त्या आकड्यांवरूनच कळते. जालन्याजवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर, उन्हाने तापलेल्या काँक्रीटवर, ताशी 120 किलोमीटरने जाताना ते आकडे न वाचणे म्हणजे स्वतःच्याच नव्हे, परक्याच्याही जिवाशी खेळणे आहे. म्हणून अवधानाचे दोन प्रकार मानावे लागतात. एक खुणा वाचण्याचे, दुसरे खूण नसताना पाळण्याचे. या दुसऱ्याला आपल्याकडे सुंदर शब्द आहे: नेम. वारकरी पंढरीची वाट धरतो ती काही बिघडले म्हणून नव्हे, वारी आली म्हणून. ठरल्या मुदतीला बेल्ट बदलणे, दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलणे, हा यंत्राचा नेम आहे. तो पाळताना फळ दिसत नाही, कारण जे घडले नाही ते दिसणार कसे? फळ न दिसताही कर्म नीट करणे ही शिकवण गीता ऐकलेल्या समाजाला नवी नाही. ती ऑइलने माखलेल्या हातांनाही लागू आहे, एवढेच लक्षात आणून द्यावे लागते.

आता आक्षेपांकडे वळू. सर्वांत वजनदार आक्षेप प्रदूषणाचा आहे. 1 एप्रिल 2020 पासून नव्या गाड्यांना भारत स्टेज 6 चे निकष लागू आहेत, त्यांच्यापुढे वीस वर्षांपूर्वीची गाडी किलोमीटरमागे जास्त विष सोडते. हे खरे आहे आणि जुन्या गाडीवरच्या प्रेमाने ते खोटे ठरत नाही. नवी गाडी घडवायलाही ऊर्जा लागते, हा बचाव रोज लांब धावणाऱ्या जुन्या गाडीच्या बाबतीत पुरेसा नाही, हेही मान्य करावे. पण यातून जे निष्पन्न होते ते निगा सोडण्याचे नव्हे, निगेची व्याख्या रुंद करण्याचे. बिघडलेल्या कॉइलमुळे एक सिलिंडर मिसिंग मारत राहिला, तर न जळलेले पेट्रोल धुराड्यात जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळून टाकते, म्हणजे आळस आणि प्रदूषण एकाच साखळीत बांधलेले आहेत. आवाज आणि पिकअप वाढावा म्हणून कन्व्हर्टर काढून टाकणारा हौशी माणूस गाडीवर प्रेम करतो असे मी म्हणणार नाही, तो स्वतःच्या थराराची किंमत दुसऱ्याच्या फुप्फुसातून वसूल करतो. अशी गाडी थोडी चालवावी, नीट जळेल अशी ठेवावी आणि मोजणीला सामोरे जावे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि तपासणीनंतर पाच वर्षांसाठी वाढते. या तपासणीला कटकट न मानता सत्याची कसोटी मानणे हे साधकाचे लक्षण होय.

दुसरा आक्षेप दुष्काळी जिल्ह्याच्या तोंडी शोभणारा आहे. ज्या भागाने 2012-13 सारखी वर्षे पाहिली, पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहिली, तिथे वेगवान गाडीच्या निगेला साधना म्हणणे ही चैनीला दिलेली झूल नाही का? जो आपल्या चार चाकांवर ओतलेला पैसा आणि वेळ घरच्यांच्या गरजेतून कापतो, त्याच्यापुरता हा आक्षेप खराच आहे, त्याला उत्तर नाही. पण निगा ही चैनीची संस्कृती नाही. मराठवाड्यात ती आधी शेतातच दिसते. मोटार रिवाइंडिंग करून पुन्हा विहिरीवर बसवणारा, जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन उघडून पेरणीआधी उभे करणारा, पाइपाला जोड देऊन हंगाम काढणारा माणूस हीच विद्या जगतो. वेगवान गाडीचा शौकीन त्याच विद्येचा ऋणी आहे, आणि ऋण फेडायचे तर मिस्त्रीला घाई न करता त्याच्या निदानाचे मोल दिले पाहिजे, शिकाऊ पोराला गाडी धुण्यापलीकडचे काही शिकू दिले पाहिजे, स्वतःला कळलेले लपवून ठेवता कामा नये. वेगाबद्दलही असेच. कठोपनिषदाने शरीराला रथ, इंद्रियांना घोडे आणि बुद्धीला सारथी म्हटले. तिथे घोड्यांचा जोर दोष मानलेला नाही, बेताल घोडे आणि झोपलेला सारथी हा दोष आहे. जो ताकद वाढवण्याआधी ब्रेक पाहतो त्यालाच वेगाचा अर्थ कळला.

तिसरा आक्षेप सर्वांत सूक्ष्म आहे आणि तो जालन्याच्या भट्टीतून येतो. सगळे अनित्यच आहे, तर गाडी वेळेवर वितळू द्यावी, तिचे लोखंड कुणाच्या घराच्या छताला आधार देईल. तिला धरून बसणे हीच आसक्ती. या म्हणण्यात अर्धे सत्य आहे आणि ते पूर्ण केले पाहिजे. महाभारताच्या शल्यपर्वात युद्ध संपल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला आधी रथातून उतरायला सांगतो, मग स्वतः उतरतो, आणि तो रथ जळून भस्म होतो. द्रोण आणि कर्ण यांच्या अस्त्रांनी तो आधीच दग्ध झालेला होता, सारथी बसला होता म्हणून टिकला होता. या कथेत दोन्ही बाजू आहेत. कार्य होते तोवर दग्ध रथही कुणाच्या तरी उपस्थितीने तग धरून राहिला आणि कार्य संपताच त्याला क्षणभरही थांबवले गेले नाही. सांगाडा गंजून पोकळ झाला, टक्कर सोसायचे बळ गेले, सुरक्षित भाग मिळेनासे झाले, की ‘उतर’ हा शब्द ऐकू आला पाहिजे. तो ऐकू येण्यासाठी तीच नजर लागते, जी इतकी वर्षे गाडी चालती ठेवत होती. ज्याने गाडीकडे नीट पाहिले, त्यालाच तिचा शेवट वेळेवर दिसतो. ज्याने मोहाने धरली, तो गंजावर रंग मारत राहतो. उलट जो पहिल्याच खर्चाला गाडी भंगारात काढतो आणि नवी आणतो, त्याला वैरागी म्हणता येणार नाही. त्याची आसक्ती फक्त नव्या वस्तूकडे सरकलेली असते.

दसऱ्याच्या आधी खंडेनवमीला आपण शस्त्रांची, अवजारांची आणि गाड्यांची पूजा करतो. बॉनेटवर हळद-कुंकू लागते, झेंडूचा हार चढतो. ही पूजा यंत्राला देव मानण्यासाठी आहे असे मला वाटत नाही. वर्षभर ज्याने आपले ओझे वाहिले त्याच्याकडे एकदा तरी थांबून पाहण्यासाठी ती आहे. म्हणून हार घालायच्या आधी टायरवरचे चार आकडे वाचावेत, ब्रेक ऑइल पाहावे, बेल्टची मुदत तपासावी, रात्रभर उभ्या गाडीखाली जमिनीवर काही ठिपका पडला आहे का ते वाकून बघावे. त्या वाकण्यात नमस्कार आपोआप होतो. नागसेन म्हणतो तसा रथ कुठे सापडत नाही, सापडतो तो फक्त मेळ, आणि मेळ राखणारे अवधान. गाडी एक दिवस जाणारच आहे. ती सांभाळताना कमावलेले खरे पाहण्याचे वळण मात्र तिच्याबरोबर भट्टीत जात नाही, ते हातात आणि मनात राहते, आणि पुढच्या यंत्राला, पुढच्या माणसाला, पुढच्या प्रसंगाला उपयोगी पडते. बोहल्यावर उच्चारला गेलेला तो शब्द सगळ्यांच्याच कानांवर पडतो. गाडीच्या बदललेल्या आवाजातही तो ऐकू येऊ शकतो, फक्त आपण तो ऐकायला जागे असले पाहिजे.